सोबत : एक

३ जून

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

तू बेचाळिसाचा झालास आणि वाळून काडी झालास, तरी माझ्या पत्राच्या डोक्यावर ढब्बूच येणार. बदलून हवं असेल तर तुझ्या आईकडे अर्ज कर, नाव तिने पाडलंय.

तुझ्या दुवा केंद्राने माझ्या अभ्यासावर काढलेला कागद मिळाला. अकरा वर्षांचा तू एका पानात निकाल लावलास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मूळ अहवाल चारशे पानांचा आहे आणि तो अथपासून इतिपर्यंत वाचलेली माणसं दोनच. एक मी आणि दुसरा मुद्रितं तपासणारा, आणि तोही ऱ्हस्वदीर्घासाठी वाचत होता. तेव्हा एक पान तर एक पान, निदान कुणी वाचेल तरी.

पण पानात लिहिलंय काय? "दूरच्या वस्त्यांतल्या गरोदर बायांना शेवटच्या दिवसांत दवाखान्याशेजारी राहता यावं म्हणून थांबाघरं बांधावीत." बरोबर. "जिथे थांबाघरं वापरात आली तिथे वाटेतली बाळंतपणं कमी झाली." हेही बरोबर, आणि मी लिहिलंय त्यापेक्षा सोपं लिहिलंयस. मग खाली येतं, "खाट : बाईमागे एक." आणि अगदी तळाला, डाव्या कोपऱ्यात, "सोबत : एक."

सोबत एक काय? मी पाकीट उलटं करून झटकलं. आतून काही पडलं नाही.

अरे, माझ्या सगळ्या खटाटोपातून एकच गोष्ट हाताला लागली असेल तर ती म्हणजे दुसरी खाट. बाईची एक आणि तिच्या सोबतीची एक. आई असो, बहीण असो, जाऊ असो, कुणीतरी सोबत हवं. त्या सोबतीला आडवं व्हायला जागा नसली की ती दोन दिवसांत घरी जाते, आणि तिच्या मागोमाग बाई जाते. मग थांबाघराला कुलूप आणि बाळंतपण पुन्हा बैलगाडीत. हे मी अहवालात इतक्या ठिकाणी लिहिलंय की मुद्रितं तपासणाऱ्यालाही पाठ झालं होतं. ती खाट तू नेमकी कुठे ठेवलीस?

हे ई-मेलने विचारलं असतं. पण आमच्या संस्थेत प्रत्येक ई-मेलची प्रत संचालकांना आपोआप जाते, आणि मग त्यांना वाटतं की आपणही काहीतरी म्हटलं पाहिजे. म्हणून पत्र. सूनबाईंना आशीर्वाद. ताईला यातलं काही बोलू नकोस, ती मला फोन करेल.

तुझी मावशी


९ जून

ती. मावशीस साष्टांग नमस्कार, आणि या वेळी तो खरोखर घातला आहे असं समज.

खाट हरवलेली नाही. ती टंकलेखक काकांनी आवरून ठेवली.

झालं असं. माझ्या हाताने लिहिलेल्या मसुद्यात शेवटची ओळ होती, "खाटा : बाई एक, सोबत एक." कागद संपत आला म्हणून "सोबत एक" खालच्या ओळीत गेलं. आमचे टंकलेखक काका उभा जन्म सरकारी खात्यात होते. पानाच्या तळाशी "सोबत एक" दिसलं की त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकच, पत्राला एक कागद जोडला आहे. त्यांनी ते दोन शब्द उचलून डाव्या कोपऱ्यात नेले आणि मध्ये दोन टिंबं दिली. मग वर उरलं, "खाटा : बाई एक." हे त्यांना व्याकरणात बसेना. ते त्यांनी "खाट : बाईमागे एक" असं सुधारलं. मी जाब विचारायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही घाईत होतात, मी सांभाळून घेतलं." मी सही केली ती वरचं अर्धं पान वाचून. खालचं मीच लिहिलेलं होतं, त्यात काय वाचायचं, असं वाटलं.

पुढचं बसून वाच. ते पान परदेशी भाषेत गेलं. भाषांतर करणाऱ्या बाईंनी "सोबत : एक" याचं चोख भाषांतर केलं, "जोडपत्र, एक नग." आता ते निधी समितीच्या टेबलावर आहे. समिती म्हणजे सात देशांची माणसं, जी तीन देशांच्या डोंगराळ भागात मिळून तीनशेच्या वर थांबाघरं बांधून देणार आहेत. आमच्या पानावरून नकाशे ठरतील आणि नकाशात बाईमागे एक खाट असेल. बैठक महिनाअखेरीला आहे.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, एक चूक कबूल केली तर आपल्या आजवरच्या सगळ्या पानांवर संशय येईल. शुद्धिपत्र काढायची सोय आहे, पण ते ज्या टेबलांवरून जातं त्यातल्या एका टेबलाचे गृहस्थ सुटीवर आहेत. तेव्हा मीच समितीतल्या कुणाला तरी गाठून बघतो.

तू मागे विचारलं होतंस की मी दिवसभर करतो तरी काय. ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडून घेतो आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना नेऊन देतो. वाटेत थोडं सांडतं, हे मी नाकारत नाही.

तुझा ढब्बू


१६ जून

चि. ढब्बू,

म्हणजे तू दलाल. ताई तर शेजारणींना आंतरराष्ट्रीय सल्लागार म्हणून सांगते. तिचा गैरसमज मी दूर करणार नाही, तेवढाच तिला आनंद.

तू कुणाला गाठशील तेव्हा तोंडपाठ असावं म्हणून सांगते. थांबाघराच्या दारात बाई येते तेव्हा डॉक्टर आहे का, औषध आहे का, असलं काही ती विचारत नाही. ती विचारते, "सोबतीला जागा आहे का?" शब्द तिचा आहे, माझा नाही. आमचे संचालक अहवालात "रुग्णसहायक व्यक्ती" असं लिहा म्हणत होते. मी लिहिलं नाही, कारण तसं विचारणारी एकही बाई मला भेटली नाही.

खिंडीजवळच्या घरात एकेक खाटेच्या छान खोल्या होत्या. भिंतींना रंग, खिडकीला पडदा, उद्घाटनाची पाटी. मी तिथे असताना एक बाई आली, आठवडाभराने दिवस भरणार होते. बरोबर सासू. सासूला रात्री दोन खुर्च्या जोडून झोपवलं, ती सकाळी कंबर धरून निघाली. सुनेने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाठोडं बांधलं. मी विचारलं, का गं? म्हणाली, "रात्री पोटात दुखलं तर हाक कुणाला मारू, पडद्याला?" हे माझ्या प्रश्नावलीत कुठल्या रकान्यात घालायचं ते मला सुचेना, म्हणून मी शेवटी नवा रकाना आखला.

तुझ्या समितीतल्या सातही जणांना विचार, की अनोळखी गावात, पोटात कळा येत असताना, एकटं राहाल का? ते हॉटेलात एकटे राहतात हे मला माहीत आहे. त्यांना कळा येत नाहीत.

टंकलेखक काकांना माझा नमस्कार सांग, आणि यापुढे माझा कागद त्यांच्या हाताला लागू देऊ नकोस.

तुझी मावशी


४ जुलै

ती. मावशीस,

कुणालाही गाठता आलं नाही. पण तुला एक अजब बातमी देतो.

बैठकीला मी होतो. आम्हा मधल्या लोकांच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या असतात. पुढे टेबल नसतं, बोलायची परवानगी नसते, आणि पाण्याचा पेला मांडीवर धरावा लागतो. समितीच्या अध्यक्षबाई प्रत्येक पान उभ्याने वाचतात. म्हणजे वाचून होईपर्यंत पान संपलं पाहिजे, नाहीतर त्या बसतात आणि पान बाजूला जातं. तुझं पान त्यांनी उभ्याने पूर्ण वाचलं. मग म्हणाल्या, "जोडपत्र कुठे आहे?"

सातही जणांनी आपापले कागद वर-खाली केले. एक म्हणाला, "मी ते पाहिलं होतं." दुसरा म्हणाला, "मला तर ते फार उपयोगी वाटलं." तिसऱ्याने मान डोलावली. मावशी, जे कधी लिहिलंच गेलं नाही त्याचं एवढं कौतुक मी आजवर कुठे ऐकलेलं नाही. मी मांडीवरचा पेला तोंडाला लावला.

शेवटी इतिवृत्तात आलं ते असं, "थांबाघरांना मंजुरी. जोडपत्र पुन्हा मागवावं. ते हाती आल्यावर नकाशे कायम करावेत. मुदत वीस ऑगस्ट."

लक्षात येतंय का? शुद्धिपत्र नको, चूक कबूल करणं नको, साहेबांची परवानगीसुद्धा नको. त्यांनीच दार उघडून ठेवलंय आणि त्यांना एक कागद हवाय. तो आपण लिहायचा. दुसरी खाट त्यात घालायची.

पण लिहायचा तो असा. एकच पान, म्हणजे बाई उभ्या राहतील. "कदाचित", "असे दिसते", "अधिक अभ्यासाची गरज आहे", यातलं काही नको. आणि पहिलं वाक्य सरळ हवं, "दुसरी खाट बाईचा जीव वाचवते." तेवढं वाक्य असलं की बाकीचं ते वाचोत न वाचोत, खाट नकाशात जाते. या लोकांची मला आता सवय झालीय. जीव वाचतो म्हटलं की त्यांचा पेन खाली येतो. तू लिहून पाठव, मी नीट घडी घालून पोचवतो.

तुझा ढब्बू


१४ जुलै

चि. ढब्बू,

जोडपत्र पाठवत आहे. तू सांगितलेलं वाक्य त्यात नाही. आकडे त्या भाषेत बोलत नाहीत आणि मला चष्मा बदलायचा आहे.

मावशी

सोबत : अडतीस पाने


२२ जुलै

ती. मावशीस,

अडतीस पानं मिळाली. टपालखात्याने जादा आकार घेतला. त्यातली तीस पानं तू अभ्यास कसा केलास याबद्दल आहेत, सात पानं तो अजून चांगला कसा करता आला असता याबद्दल, आणि राहिलेल्या एका पानावर फक्त तळटिपा आहेत. दुसरी खाट मला तळटिपांत सापडली.

मी तुला फोन केला, तू उचलला नाहीस. तुझ्या संस्थेत केला तर संचालक म्हणाले, ताकद आली की बोलतील. कसली ताकद? तुला बरं नाही का? आईला विचारलं तर तिला काहीच माहीत नव्हतं, आणि आता तीही काळजीत आहे. त्याची शिक्षा तुला मिळेलच.

आता जरा कडू बोलतो. मी या कामात पंधरा वर्षं आहे. तुझ्यासारखी माणसं मला रोज भेटतात. आयुष्य घालून एक गोष्ट शोधतात, आणि ती मोठ्याने म्हणायची वेळ आली की चष्मा बदलायला जातात. तुला चुकायची भीती वाटते. कुणीतरी विद्वान उठून म्हणेल की अमुक घरात तर तसं झालं नाही, आणि तुझ्या नावाला बोल लागेल. मग तिकडे तीनशे घरांत बाया एकेका खाटेवर पडद्याला हाक मारत बसल्या तरी चालतील, पण तुझा अहवाल सोवळ्यात राहिला पाहिजे.

एवढं लिहिलं आणि खोडलं नाही, कारण मला राग आलाय. एक वाक्य, मावशी. मुदतीला अजून वेळ आहे, पण भाषांतराला आठवडा जातो.

ढब्बू


१ ऑगस्ट

चि. ढब्बू,

भीती वाटते हे तू बरोबर ओळखलंस. कसली ते चुकलास.

मार्चमध्ये मी नदीपलीकडच्या थांबाघरात होते. ते माझं सगळ्यात चांगलं चाललेलं घर. बाई एक, सोबत एक, सगळं माझ्या म्हणण्याबरहुकूम. तिथे एक बाई आली, दुसऱ्या खेपेची, आणि सोबत तिची धाकटी बहीण. दोघींनी आल्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं. एकमेकींच्या वेण्या घालायच्या, त्यावरून भांडायच्या, माझ्या चष्म्याची दोरी बघून हसायच्या. मला त्या दोघी आवडायला लागल्या होत्या, आणि अभ्यासात ते बसत नाही.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. बहिणीने हाताला धरून तिला दवाखान्यात नेलं. मध्ये अंगण तेवढं. मूल सुखरूप झालं. मग रक्त थांबेना. डॉक्टर शहरात बैठकीला गेला होता. रक्ताची पिशवी आणायला गाडी गेली, ती परत आली तेव्हा तिचा उपयोग उरला नव्हता. बहिणीने शेवटपर्यंत तिचा हात सोडला नाही. मी दारात उभी होते, प्रश्नावलीचा पुठ्ठा छातीशी धरून. बहिणीने मान वर केली आणि मला विचारलं, "आम्ही वेळेत आलो होतो ना?"

मी हो म्हणाले. आल्याच होत्या.

माझ्या तक्त्यात ती बाई "वेळेत पोचली" या रकान्यात आहे. म्हणजे थांबाघराचं यश. तो आकडा मी कितीदा पुसला आणि पुन्हा लिहिला, कारण तो बरोबर आहे. त्यानंतर मी रजा घेतली. मला धड झोप लागत नाही, जेवण जात नाही, बाकी तब्येतीला काही झालेलं नाही. ताईला तू हवं ते सांग.

आणि तू मला लिहायला सांगतोस की दुसरी खाट जीव वाचवते. तिला दुसरी खाट होती, ढब्बू.

तुझ्या पत्राचा मला राग आला आणि तो दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी वाटलं, माझ्या गप्प बसण्याने तिचं काही भलं होत नाही, आणि तीनशे घरांचं नुकसान होतं. म्हणून बसून जे मला पक्कं माहीत आहे तेवढं लिहिलं. तीन वाक्यं झाली.

"सोबतीला खाट असली की बाई थांबाघरात थांबते. थांबली की ती वेळेत दवाखान्यात पोचते. तिथे तिचा जीव वाचवायचं काम दवाखान्याचं आहे, खाटेचं नाही."

"कदाचित" कुठेही नाही, बघून घे. या तिन्हींबद्दल मला शंका नाही. पाठवायची तर तिन्ही पाठव. आणि तिची गोष्ट त्यांना सांगू नकोस. एका बाईची गोष्ट ऐकून जे निर्णय घेतात, ते उद्या दुसऱ्या बाईची ऐकून तो फिरवतील.

तुझी मावशी


२३ ऑगस्ट

ती. मावशीस,

तुझं पत्र मी कचेरीच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि मग पायरीवर बसलो. मागच्या पत्रातलं सगळं कडू मी परत घेतो. ते लिहिताना तू कुठे उभी होतीस हे मला माहीत नव्हतं, पण म्हणून ते कमी वाईट ठरत नाही. मला माफ कर.

आता काय झालं ते सांगतो. साहेबांना पहिली दोन वाक्यं पसंत पडली. तिसऱ्यावर ते अडले. म्हणाले, हे कशाला? आपल्याला विचारलंय खाटेबद्दल, आपण दवाखान्याकडे बोट का दाखवायचं? समिती बिथरेल. काढून टाका. मी म्हटलं, मूळ लेखिकेची अट आहे. ते म्हणाले, मूळ लेखिका भिंतीजवळच्या खुर्चीतसुद्धा नसते.

तोवर कागद टंकलेखक काकांकडे गेलेला होता. या वेळी मी त्यांच्या डोक्याशी उभा राहून सांगितलं होतं, शब्दाला शब्द, टिंबाला टिंब. त्यांनी तसा टंकला, क्रमांक घातला, शिक्का मारला. साहेब स्वतः गेले, म्हणाले, तिसरं वाक्य उडवा. काका म्हणाले, शिक्का पडलेल्या कागदातलं वाक्य काढायचं तर लेखी आदेश लागतो, नियम आहे. साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि आत गेले. लेखी द्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि तोंडी ऐकायची काकांची सवय नाही. वाक्य राहिलं. त्याच हट्टाने जूनमध्ये आपली खाट गेली होती, म्हणून मी काकांचे आभार मानले ते जरा सांभाळूनच.

बैठकीत बाईंनी कागद उचलला. तीन वाक्यं वाचायला किती वेळ लागतो? पण त्या वाचून खाली बसल्या. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि विचारलं, "दवाखान्यात काय कमी आहे?"

या वेळी कुणी कागद वर-खाली केले नाहीत. कुणी मान डोलावली नाही.  मला बोलायची परवानगी नव्हती. मी म्हणालो, "रक्त. आणि डॉक्टर बाहेर गेला तर दुसरा." तिची गोष्ट सांगितली नाही. विचारलं त्याचं उत्तर दिलं. साहेब माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

निकाल असा. दुसरी खाट प्रत्येक नकाशात गेली, तिन्ही देशांत. मी नकाशे डोळ्यांनी पाहिले, खोलीत दोन चौकोन आहेत. रक्ताचा विषय मात्र दुसऱ्या समितीचा निघाला. ती नोव्हेंबरात बसते. तिला लागणार पुरावा, आणि पुराव्याचं एक पान. त्यांनी विचारलं, यावर अभ्यास कुणाचा आहे? तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण तू नदीपलीकडच्या त्या अंगणात पुन्हा उभी राहावीस असं मी परस्पर कसं ठरवू? तू सांगशील तर देतो.

जेवत जा. आई तुझ्याकडे निघालीय, तिला मी अडवू शकलो नाही.

तुझा ढब्बू


११ एप्रिल

चि. ढब्बूस आशीर्वाद.

तुझ्या ऑगस्टच्या पत्राला उत्तर दिलं नाही. ताई तीन आठवडे राहून, मला खाऊ घालून, माझी कपाटं स्वतःच्या पद्धतीने लावून गेली, तेव्हापासून मला काही सापडत नाही, पण ते कारण नव्हे. रक्तावर माझा अभ्यास नाही, आणि ज्याचा अभ्यास नाही त्यावर मी बोलत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. नोव्हेंबरची बैठक पुराव्याअभावी पुढे ढकलली, हे तू नाताळच्या शुभेच्छापत्रावर एका ओळीत कळवलंस. टोमणा पोचला.

नदीपलीकडे जुन्या घराला लागून नवी इमारत झाली. काल मी तिथे गेले. सहा खोल्या, प्रत्येकीत दोन खाटा. पाटीवर सात देशांची नावं आहेत, तुझं माझं नाही, आणि टंकलेखक काकांचंही नाही. सहापैकी पाच खोल्या भरलेल्या. एका खोलीत दोघी पत्ते खेळत होत्या आणि हरलेली बाई दुसरीला लबाड म्हणत होती. मी उगाचच खिडकीचा पडदा नीट केला.

सहाव्या खोलीत कुणीतरी गाठोडं सोडत होतं. पाठमोरी होती, कडेवर वर्षाचं मूल. वळली तेव्हा मी ओळखलं. ती धाकटी बहीण. मूल तिच्या बहिणीचं. या वेळी ती भावजयीला घेऊन आली आहे. भावजय खाटेवर बसून पाय चोळत होती.

मी एवढंच म्हणाले, "पुन्हा इथे आलीस?"

"मग कुठे जाऊ?" ती म्हणाली. "ताईच्या वेळी मी होते जवळ. घरी असती किंवा वाटेत असती, तर कोण होतं? हिच्याजवळही मीच असणार." मग मूल या कडेवरून त्या कडेवर घेत तिने विचारलं, अगदी साधेपणाने, जसं पाणी येतं का विचारावं, "रक्ताचं झालं का हो आता इथे?"

ढब्बू, अंगणापलीकडे दवाखाना जसा होता तसाच आहे. रक्त साठवायची शीतपेटी नाही. डॉक्टर एकच, आणि त्याला बैठका आहेत. हे तिला सांगितलं असतं तर तिने गाठोडं पुन्हा बांधलं असतं, आणि वाट सहा तासांची आहे. मी म्हणाले, "येतंय." बाहेर येऊन भिंतीआड रडले, चांगली मोकळेपणाने रडले. हे आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

रक्ताच्या समितीला माझं नाव दे. अभ्यास म्हणता येईल असं माझ्याकडे काही नाही, पण गेल्या अकरा वर्षांत माझ्या घरांतून दवाखान्यात वेळेत पोचलेल्या आणि तरीही घरी न परतलेल्या प्रत्येक बाईचं काय झालं ते मला माहीत आहे. रात्र न् दिवस ते डोक्यात असतं. त्याचं पान मी लिहिलं आहे. एकच पान आहे, तुझ्या त्या अध्यक्षबाईंनीसुद्धा उभ्याने वाचून संपवलं असतं एवढं. "कदाचित" एकदा आलंय, ते खरं आहे, ते काढू नकोस. समिती केव्हा बसते याची वाट बघू नकोस. भिंतीजवळची खुर्ची सोड आणि ज्याच्या सहीने शीतपेटी हलते त्याच्या दारात जाऊन बस. दलाल आहेस ना, मग आता दलाली कर.

मी आयुष्यात पहिल्यांदा पुराव्याशिवाय बोलले आहे, आणि तेही त्या मुलीशी. भावजयीचे दिवस महिनाअखेरीला भरतात. त्याच्या आत मला खरी ठरव.

तुझी मावशी